मंगळवारचा तास

प्रिय डॅनिका,

तुझ्या आईकडून पत्ता घेतला. तू फोन उचलत नाहीस, ते ठीक आहे, हल्ली मीही फारसा उचलत नाही. पण पत्र आलं की माणूस निदान पाकीट फोडून बघतो, म्हणून लिहायला बसले. रागात लिहिते आहे, हे आधीच सांगून टाकते. राग तुझ्यावर नाही. हे वाक्य हवं तर पुन्हा वाच आणि मगच पुढे जा.

बातमी अशी, की आपल्या ऑर्डेल गावच्या बर्फावरच्या हॉकीच्या रिंकला माझ्या ब्रिनचं नाव द्यायचं समितीनं ठरवलं. रिंकला पुढच्या वर्षी पन्नास वर्षं होतील, त्या निमित्तानं. कापणी संपत आली होती तेव्हा समितीचा अध्यक्ष क्लिफ ओल्सेन आणखी दोघांना घेऊन घरी आला. टोप्या काढून माझ्या स्वयंपाकघरात बसले, मी केलेले बटाट्याचं सारण भरलेले पेरोगी आंबट साय लावून खाल्ले, आणि मग क्लिफनं अध्यक्षाचा आवाज काढून सांगितलं, की दारावर मोठ्या अक्षरांत तिचं नाव लागेल, आत तिचा गोलरक्षकाच्या पोशाखातला फोटो, खाली पितळी पाटी. लॉर्न रडला. तुला माहीत आहे, माझा नवरा ट्रॅक्टरखाली बोट सापडलं तेव्हाही रडला नव्हता. मी कॉफी ओतत राहिले. ती कॉफी कपातच पडत होती, क्लिफच्या मांडीवर नाही, हा माझा मोठेपणा समज.

कारण मला आठवत होतं, ती हयात असताना याच रिंकनं तिला काय दिलं. तुम्हा पोरींना रविवारी पहाटेचा तास. उणे तीसच्या थंडीत, अंधारात, गाडीच्या इंजिनाला रात्रभर वीज जोडून ठेवायची तेव्हा कुठे ती सुरू व्हायची. तोही कधी मुलांच्या संघाचा सामना लागला की रद्द. मी कॅन्टीनमध्ये बटाटे तळायला यायची आणि तुम्ही दोघी बाकावर एकमेकींच्या खांद्यावर डोकं टाकून झोपलेल्या असायच्या, पायात स्केट बांधलेले. ब्रिन म्हणायची, "आई, आम्ही स्वप्नातच सराव करतो, तिथे बर्फ रिकामा असतो." हसायची वर. मला हसू यायचं नाही.

आणि मंगळवारची संध्याकाळ, सगळ्यात चांगला तास, कोणाचा? म्हाताऱ्यांचा. ज्यांच्या बापांनी रिंकची काँक्रीटची फरशी ओतली त्यांचा. बापाचा गुडघा गेला की मुलगा त्याच्या जागी खेळणार, मुलाचा गेला की नातू. शेतासारखी वाटणी. पोटं सुटलेली माणसं तासभर बर्फावर धापा टाकणार आणि मग वरच्या खोलीत बिअर पिणार. तुम्ही पोरींनी दर वर्षी तो तास मागितला आणि दर वर्षी क्लिफनं गोड बोलून तोंडाला पानं पुसली. "रिवाज आहे पोरींनो, मी कोण मोडणारा?" मग तुम्ही विल्मोरला जायला लागलात, कारण तिथलं रिंक मंगळवारी मोकळं होतं. आपल्या गावात बर्फ असताना दुसऱ्या गावी, गव्हाच्या उघड्या शेतांमधल्या त्या रस्त्यानं, भर हिवाळ्यात.

पाटीवरचा मजकूर क्लिफनं वाचून दाखवला. आमची लाडकी, गावाचा अभिमान, रस्त्यावरच्या अपघातात अकाली हरपली. मी विचारलं, ती रस्त्यावर का होती ते लिहिणार का. क्लिफनं कपात बघितलं. म्हणाला, पाटीवर जागा कमी असते, तमारा.

गेल्या वर्षीची ती स्मृती स्पर्धा तुला कोणी सांगितली नसेल. बरंच झालं. तीन दिवस, आठ गावांचे संघ, वेशीपासून रिंकपर्यंत प्रत्येक खांबावर माझ्या मुलीचा फोटो. बक्षिसाच्या चषकावर तिचं नाव. आणि सगळे संघ मुलांचे, डॅनिका. एकही पोरींचा संघ नाही. मला वाटलं काहीतरी चूक झाली असेल. विचारायला गेले तर समितीतला एक जण अगदी मनापासून समजावून सांगतो, पोरींचे संघ बोलवायचे तर बर्फावर तेवढा वेळ आणायचा कुठून? त्याला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. सामन्याआधी सगळ्यांनी टोप्या काढून मिनिटभर शांतता पाळली, आणि तुमच्या संघातल्या उरलेल्या पोरी काचेच्या बाहेर उभ्या राहून शांतता पाळत होत्या. मी त्या दिवशी कॅन्टीनचं शटर खाली ओढलं आणि घरी गेले. तीन दिवस कोणाला तळलेले बटाटे मिळाले नाहीत. गावात त्याचीच चर्चा जास्त झाली.

तर नावाचा ठराव सप्टेंबरच्या वार्षिक सभेत आला. रिंकच्या वरच्या खोलीत, नेहमीसारखी, लोखंडी खुर्च्या आणि दालचिनीचे पाव. क्लिफनं ठराव वाचला आणि आता टाळ्या होणार अशा बेतानं थांबला. मी उठले. म्हटलं, नाव मला नको. मला मंगळवारचा तास हवा, पोरींसाठी.  क्लिफ म्हणाला, तमारा, तुझं दुःख आम्ही समजतो. हे वाक्य ऐकलं की मला आता कानात बोळे घालावेसे वाटतात. मग त्यानं रिवाज काढला. मी म्हटलं, चला, रिवाजानंच बोलू. लॉर्नच्या बापानं ही फरशी ओतली. लॉर्नला त्याची जागा मिळाली. लॉर्नला एकच मूल होतं आणि ते या गावातल्या कुठल्याही मुलापेक्षा चांगलं खेळायचं. मग तुमच्याच हिशोबानं त्या तासात तिची जागा होती की नव्हती? आणि या खोलीत बसलेल्या किती जणांना मुली नाहीत, नाती नाहीत? मागून कोणीतरी पुटपुटलं की जागा मुलग्यांना जाते. मी वळून विचारलं, कोण म्हणालं ते. 

आणि तेव्हा क्लिफ जे बोलला त्यासाठी मी त्याला कधी माफ करणार नाही. म्हणाला, "हे बघ, स्पष्टच बोलतो. गाडी एक नवशिकी पोरगी चालवत होती. यात रिंकचा काय दोष?"

ती पोरगी म्हणजे तू. तू समोर नव्हतीस म्हणून त्यानं किती सहज हात झटकले. तुझी आई तिसऱ्या रांगेत बसली होती, ती उठून बाहेर गेली. मी पोलिसांचा अहवाल वाचला आहे, डॅनिका, त्यांनी वाचला नसेल. वाऱ्यानं उडणाऱ्या बर्फात समोरचं काही दिसत नव्हतं, ट्रक तुमच्या बाजूला आला, आणि वीस वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसालाही तो चुकवता आला नसता असं त्या अधिकाऱ्यानं मला तोंडावर सांगितलं. तुमच्या मागची गाडी संघातल्या दुसऱ्या एका पोरीची आई चालवत होती, ती केवळ मागे होती म्हणून वाचली. हे सगळं मी त्या खोलीत मोठ्यानं बोलले. आवाज चढला माझा. चढू दे.

मग लॉर्न उठला. तू त्याला ओळखतेस, त्याच्याकडून सलग चार वाक्यं ऐकायची तर हंगाम चांगला लागावा लागतो. टोपी हातात फिरवत म्हणाला, "त्या मंगळवारी संध्याकाळी मी खाली बर्फावर होतो. दोन गोल केले होते, खुशीत होतो. वर बिअर प्यायला आलो तेव्हा फोन आला. तिच्या तासात मी खेळत होतो. माझी जागा मी सोडतोय, आणि ज्याला ती हवी असेल त्यानं माझ्या डोळ्यांत बघून मागावी." आणि बसला. मी इतकी वर्षं त्याच्यासोबत आहे, पण हे त्यानं मलाही सांगितलं नव्हतं. दोन हिवाळे त्यानं स्केटना हात लावला नाही, मला वाटायचं पाठ दुखते.

हात वर झाले. सगळे नाही, पण पुरेसे. म्हातारे आता रविवारी पहाटे खेळणार आहेत, आणि गुडघे आखडतात म्हणून आत्तापासून कुरकुरतायत. मला अजिबात वाईट वाटत नाही. क्लिफ दुकानात मला बघून दुसऱ्या रांगेत वळतो. नाव लागलेलं नाही. मी सांगितलं, तो तास पोरींकडे राहतो का ते आधी बघू, मग तुमचं पितळ बघू. भिंतीवर नाव लावून हे लोक सुटले असते आणि मला जन्मभर त्या दारातून आत जावं लागलं असतं. काही बायका म्हणतात की मी लेकीचा मान घालवला. म्हणू देत. तिला मान नको होता, तिला बर्फ हवा होता.

आता हे तुला का लिहिते आहे ते. नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी पोरी बर्फावर उतरणार आहेत. अकरा आहेत, सगळ्यात धाकटी दहा वर्षांची आणि भयंकर रडकी. शिकवायला कोणी नाही. बचाव तुझ्याइतका कोणाला कळत नाही, आणि तू दोन वर्षं पाळणाघरात दुसऱ्यांची मुलं सांभाळते आहेस, गाडीला हात लावत नाहीस, बसनं फिरतेस, घरी येत नाहीस. तुझ्या आईनं सगळं सांगितलं. मला त्याचाही राग येतो. एक मुलगी त्या रस्त्यानं माझी नेली, दुसरीही तो नेणार, हे मला मान्य नाही. येत्या शनिवारी मी सास्काटूनला तुझ्याकडे येते आहे. स्केट बांधून ठेव. रस्ता विल्मोरवरूनच आहे, दुसरा नाही, ते तुलाही माहीत आहे आणि मलाही. येताना मी चालवीन. परत जाताना किल्ली तुझ्या हातात देणार आहे. हात कापले तर कापू देत, हळू चालव, वाटेत हवं तितक्या वेळा थांबव. मी शेजारी, तिच्या सीटवर बसेन. मला तूच घरी न्यायला हवी आहेस.

तुझीच,
तमारा