डोळे न आखलेला गणपती

४ ऑगस्ट, सोमवार
आज परत माझा फोन नातीकडे, प्राचीकडे. तिने स्वतःचा फोन नशेत दगडावर आपटला, तेव्हापासून तिचा ग्रुप माझ्या फोनवर चालतो. सोमवारी संध्याकाळी आरोग्याचं काम करणारी माधुरीताई सगळ्या पोरींना एकदम फोनवर घेते. पेणच्या, रोह्याच्या, कंपनीत जाणाऱ्या पोरी. दारू सुटावी, एचआयव्ही लागू नये, लागला असेल तर गोळ्या चुकू नयेत म्हणून. शब्द लिहिला एकदाचा. ताई म्हणते शब्दाला भिऊ नका. मी भितो.
त्या बोलतात तेव्हा मी बाहेर पायरीवर. आतून हसू ऐकू आलं. असल्या ग्रुपात हसतात कशाला? मग वाटलं, हसू दे. घरात एरवी कुठे हसते.
गावी गागोद्याला तिच्या आईबापांना काही सांगितलेलं नाही. कळलं तर तिला उचलून नेतील आणि घरात कोंडतील.

५ ऑगस्ट
त्याचं नाव इथे लिहीत नाही. ट. म्हणेन. रोह्याचा ठेकेदार, पोरींना कंपनीत लावतो. पगार झाला की त्याच्या खोलीवर पार्टी. कोल्ड्रिंकमधून दारू पाजायचा. पुढचं प्राचीने मला भिंतीकडे तोंड करून सांगितलं. एकदा नाही झालं ते. शेवटचं जुलैत. मग विसरायला म्हणून ती आपणच प्यायला लागली.
त्याच खोलीवर गेलेल्या एका पोरीला आजार निघाला. तिनेच सगळ्यांआधी ग्रुपात तोंड उघडलं, म्हणून आमची प्राची तपासून घ्यायला गेली. तिचं नाव मला ठाऊक नाही, नकोच. मी तिला ‘पहिली’ म्हणतो.
प्राचीची तपासणी चांगली आली. पण ताई म्हणते एवढ्यात खात्री धरू नका, ऑक्टोबरात पुन्हा. आणि ट. तिकडच्या गणेश मंडळाचा अध्यक्ष! त्या मंडळाचा गणपती इथे पेणला, आमच्याच मूर्तींच्या कारखान्यात उभा. रंग झाला, सोनेरी काम झालं. डोळे राहिलेत. डोळे आखायचं काम माझ्याकडे.

७ ऑगस्ट
दिवसभर एकच विचार. बुबुळ केसभर आत घेतलं की देव तिरळा. सगळं रोहा हसेल त्याला.
पण देवाचा काय गुन्हा? आणि बाळूशेठच्या कारखान्याचं नाव जाईल. त्याच्या बापापासून मी इथे आहे.
नाही. तिरळे नाही करणार. आखणारच नाही.

९ ऑगस्ट
बाळूशेठ : “काका, अध्यक्षांच्या मूर्तीला काय मोतीबिंदू झालाय? की तुम्हाला?”
मी : “हात थरथरतो.”
“बाजूच्या चार मूर्तींना नाय थरथरला तो?”
आमच्याकडे रीत अशी की चेहऱ्याला ज्याने हात घातला, डोळे त्यानेच उघडायचे. दुसरा कारागीर ब्रश लावत नाही. म्हणजे मी नाही म्हटलं की देव आंधळाच. बाळूशेठला हे माहीत आहे. चिडून चहा टाकून गेला.
बरं वाटलं. लय दिवसांनी जेवलो पोटभर.

११ ऑगस्ट, सोमवार
घात झाला.
ग्रुपचं बोलणं संपलं, प्राचीने फोन दिला आणि पाणी भरायला गेली. ग्रुप तसाच उघडा. माझा अंगठा त्या माइकच्या खुणेवर, मला काय समजतंय. ब्रश पुसताना एकटाच बोलतो तसा बोलत होतो. मुडदा बशिवला त्याचा, असा मेला तसा मेला. आणि बोललो की त्या पोरीला लावलान तसा रोग माझ्या प्राचीला लावला असला, तर हातानं चिरीन.
सगळं गेलं ग्रुपात. माझ्या आवाजात.
एका पोरीचा लगेच आवाज आला, “आबा, अजून घाला शिव्या, आमाला येत नाय एवढ्या.” दुसरी हसली. ‘पहिली’ मात्र ग्रुप सोडून गेली.
प्राची रडली नाही. म्हणाली, “ती तुमच्या तोंडी रोग झाली, आबा. माणूस नाय राहिली. मी उद्या तशी निघाले तर मला पन असंच बोलाल?”

१२ ऑगस्ट
‘पहिली’ ताईचाही फोन घेत नाही. तिच्या गोळ्या संपत आल्यात म्हणे. हे माझ्या जिभेने झालं. आणि ट.च्या केसाला धक्का नाही.

१४ ऑगस्ट
माधुरीताई कारखान्यात आली. गणपती बघायला आल्यासारखी हळूच बोलली. ती ‘पहिली’च्या घरी जाऊन आली, गोळ्या पोचवल्या. देवा.
मग मलाच झापलं. “काका, पोलिसात जायचं की नाही, कधी, कुणी, ते मुली ठरवतील. त्याला तुम्ही काही केलंत तर तो बोट कुणाकडे दाखवेल?”
म्हटलं, “आणि मी काय करू? बघत बसू?”
ती त्या आंधळ्या मूर्तीकडे बघून म्हणाली, “हे तुम्ही केलंत?”
“काहीच नाही केलं,” म्हटलं. “तेच केलंय.”
हसू दाबत गेली.

१७ ऑगस्ट, रविवार
ट. आला. टेम्पो, ढोल, पोरं, फेटे. मूर्तीसमोर येऊन थांबला.
“ओ काका, डोळे कुठं?”
“राहिलेत.”
“आज न्यायचाय आमाला.”
“तू नेशील. तो यायला तयार नाय.”
ढोलवाली पोरं फिसकन हसली. बाळूशेठ घाम पुसत म्हणाला, दुसऱ्याकडून करून देतो. पण बाकीच्या कारागिरांनी मान खाली घातली, ब्रश उचलला नाही कुणी. कारण कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.
जाताना ट. माझ्या कानाशी वाकला. “प्राची कामाला येत नाय ती? बरी हाय ना?”
ब्रश हातात होता. मागचं टोक अणकुचीदार. त्याचा डोळा वीतभर लांब. पाठीमागे सगळे फोन धरून उभे. बोललो असतो तर प्राचीचं नाव तिथेच उघडं पडलं असतं. दात आवळून म्हटलं, “चतुर्थीच्या आदल्या दिवशी ये.”
रिकामा टेम्पो गेला. ढोल मुके. एवढ्याने माझं भागत नाही. पण गेला रिकामा.

१८ ऑगस्ट, सोमवार
त्या रिकाम्या टेम्पोचा व्हिडिओ रोहाभर फिरला. ‘पहिली’ परत ग्रुपात आली! प्राचीने मला पायरीवरून आत बोलावलं, पहिल्यांदाच. फोनमधून आवाज आला, बारीक.
“आबा, खरंच रिकामा पाठवलात?”
“व्हय गो. आणि त्या दिवशी मी जे बोललो ते...”
“ते ऱ्हाऊ द्या. राग हाय मला अजून. पन टेम्पो बघून हसले.”
मग मला बाहेर घालवलं. बराच वेळ बोलत होत्या.

२० ऑगस्ट
प्राची म्हणाली, “आबा, डोळे आखा. पन तो न्यायला येईल तेव्हाच, त्याच्यासमोर. आमी सगळ्या येनार.”
“काय करणार?”
“उभ्या ऱ्हानार. बघनार त्याच्याकडं. मग ताईबरोबर पोलीस स्टेशन. आजाराचं कुनी बोलनार नाय. पाजलीन कशी आनि पुढं काय केलान, तेवढं सांगनार.”
“आणि तो सगळ्यांदेखत काहीबाही बोलला तर?”
“तर बोलंल. तुमी मधी पडायचं नाय. शपथ घ्या.”
घेतली. पाळीन की नाही, मलाच ठाऊक नाही.

२६ ऑगस्ट
काळा रंग घोटून ठेवला. बारीक ब्रश दोनदा धुतला. हात आज खरोखर थरथरतोय, आता कुणाला खरं वाटणार नाही. प्राची आंघोळ करून, केस बांधून रेल्वे स्टेशनवर गेली, रोह्याच्या पोरींना आणायला. किती येतात कोण जाणे. ‘पहिली’ येते म्हणाली होती.
ट.चा ढोल नाक्यापर्यंत आलाय.
गाडीची शिट्टी अजून नाही. डोळे मी पोरी आल्याशिवाय उघडणार नाही.