बदकाखालचे एकशे ऐंशी ग्रॅम

ती. अक्कास,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता कसा आहे ते कळव. दाजींचा खोकला कमी झाला असेल. झाला नसेल, तर तो कमी झाल्याचं त्यांनी तुला सांगितलं असेल. माझी तब्येत ठीक आहे. जेवतो. (तू विचारणारच, म्हणून आधी लिहून टाकलं. दोन्ही वेळा जेवतो.)

माझी ट्रंक तुझ्याकडे सुखरूप पोचल्याचं दाजींनी फोनवर सांगितलं. तू माझ्यासाठी मागची खोली रंगवून घेतलीस, हेही सांगितलं. ठरल्याप्रमाणे येत्या एक तारखेला मी यायला हवं, पण ते जरा अवघड दिसतं आहे. फोनवर सांगायला गेलो तर तू बोलशील आणि मी "बरं" म्हणून फोन ठेवीन, आजवर तसंच झालेलं आहे, म्हणून पत्र लिहितो. कारण लांबलचक आहे, पण त्यात माझा दोष फारसा नाही. निदान सुरुवातीला नव्हता.

हिला जाऊन चार महिने झाले. घर आवरायला घेतलं तेव्हा हिच्या कपाटात एक निळा ॲप्रन आणि एक किल्ली निघाली. दोन्ही संस्थेची. तुला आठवत असेल, ही दर मंगळवारी "बाळांकडे जाते" म्हणून जायची. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या आहेत, तीच संस्था. तिथे आसपासच्या बाया आपली तान्ही मुलं घेऊन येतात. बाळाचं वजन होतं, लागेल त्याला दुधाची पावडर मिळते, आणि ज्यांची बाळं मोठी झाली त्यांनी आणून दिलेले कपडे पुढच्या बाळांना जातात. (एक पिवळं स्वेटर आजपर्यंत सतरा बाळांनी घातलं आहे. मी ते पाहिलं. अजून एक-दोघांना जाईल.) दुसऱ्या खोलीत थोरली भावंडं अभ्यास करतात, कारण त्यांना घरी कुणाजवळ ठेवणार? नऊ वर्षं मी हिला आणायला तिथे गेलो, पण जिना कधी चढलो नाही. "वर सगळ्या बायका असतात, तुम्ही अवघडाल," असं ही म्हणायची. मला ते पटलं होतं, कारण मी खरोखरच अवघडलो असतो.

तर त्या मंगळवारी मी सकाळी लवकर गेलो, बाया यायच्या आत. ॲप्रन आणि किल्ली द्यायची आणि पाच मिनिटांत निघायचं, असं ठरवलं होतं. संस्था चालवणाऱ्या बाईंनी ॲप्रन हातात घेतला आणि त्यांचे डोळे भरून आले. कुठेतरी पाहायला हवं म्हणून मी समोर पाहिलं, तर तिथे काटा होता.

अक्का, मी बत्तीस वर्षं वजनमापे निरीक्षक होतो. काटा दिसला की माझे पाय थांबतात, त्याला माझा इलाज नाही. (तुझ्या मुलीच्या लग्नात मी स्वयंपाक्याचा काटा तपासला म्हणून तू महिनाभर माझ्याशी अबोला धरला होतास. काटा खोटा होता, हे मात्र विसरू नकोस.) हा काटा तबकडीचा होता, वर बाळाला ठेवायची लाकडी टोपली. तबकडीच्या काचेवर, जिथे शून्य असतं नेमकं तिथे, एका पिवळ्या बदकाचं चित्र चिकटवलेलं. बाळांना गंमत म्हणून असेल. पण शून्य झाकणारा काटा मी पास करू शकत नाही. बाई डोळे पुसायला आत गेल्या तेवढ्यात मी नखाने बदक सोडवलं, काट्याशेजारी पडलेल्या वहीच्या मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला नीट चिकटवून ठेवलं, आणि पाहिलं, तर रिकाम्या टोपलीची सुई शून्यावर नव्हतीच. एकशे ऐंशीवर होती.

कारण सोपं होतं. मूळची वेताची टोपली कधीतरी मोडली, ओळखीच्या सुताराने प्रेमाने लाकडी करून दिली, आणि प्रेमाने केलेली वस्तू जड असतेच. शून्य जुळवायचा स्क्रू गंजून बसला होता. मी खालच्या दुकानातून तेल आणि पान्हा आणला आणि दीड तास खपून सुई शून्यावर आणली. चार महिन्यांत प्रथमच मला एखादं काम पुरं झाल्यासारखं वाटलं. बाई कपडे लावण्यात गुंतल्या होत्या. त्यांना मी म्हटलं, "काटा बरोबर केला आहे." त्यांना वाटलं, भिंतीशी सरळ करून ठेवला असेल. त्यांनी आभार मानले. मी घरी आलो आणि छान झोपलो.

दुसऱ्या दिवशी बाई माझ्या दारात उभ्या. त्या मंगळवारी सत्तावीस बाळं आली होती आणि एका आठवड्यात जवळजवळ सगळ्यांचं वजन घटलं होतं. एका आजीने दृष्ट काढली, एकीने पाण्याला दोष दिला, दुसरीने दुधाच्या पावडरीला, आणि दोन बायांनी एकमेकींशी वाद घातला तो कशावरून ते त्यांनाही सांगता येईना. "तुम्ही नक्की काय केलंत?" बाईंनी विचारलं. मी सांगितलं. त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "अहो, मला निदान एका शब्दाने सांगायचं तरी!" मी चार शब्द बोललो होतो, पण तो मुद्दा मी काढला नाही.

हिशेब करून प्रत्येक आईला खरं काय ते लिहून देऊ, असं मी म्हटलं. त्यासाठी संस्थेची वजनांची वही घरी आणली. अक्का, ती वही हिच्या अक्षरात होती. शेवटचे चार महिने बाईंच्या अक्षरात, त्याआधी सगळी हिच्या. दोन दिवस मी ती उघडली नाही. तिसऱ्या दिवशी उघडली.

पहिलं पान उलटलं आणि आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं: "टोपली बदलल्यापासून काटा १८० ग्रॅम जास्त दाखवतो. प्रत्येक वेळी वजा करावे. घरी सांगू नये, काटा जप्त होईल."

मी ते बऱ्याच वेळा वाचलं. माझ्या घरात, माझ्या शेजारी बसून जेवणाऱ्या बाईने, माझ्यासारख्या अधिकाऱ्यापासून एक नापास काटा नऊ वर्षं लपवला होता. जिना का चढू दिला नाही, तेही मला त्या दिवशी कळलं. आधी थोडा राग आला. मग वाटलं, हिचा अंदाज चुकला नव्हता. मी तो जप्तच केला असता. नवा येईपर्यंत तीन-चार महिने गेले असते, आणि त्या मुदतीत बाळं काही वाढायची थांबत नाहीत. पुढे पानोपान हिने प्रत्येक बाळाच्या आकड्यातून एकशे ऐंशी वजा केलेले आहेत. एकही वजाबाकी चुकलेली नाही. मी प्रत्येक तपासली. (रागाने नाही.)

ही गेली आणि वजाबाकी थांबली. पुढच्याच मंगळवारी सगळी बाळं एकदम गुटगुटीत झाल्याची नोंद आहे. त्याबद्दल विचारायला कुणीही आलं नव्हतं, हे मी फक्त नोंदवून ठेवतो.

आता मूळ अडचण. सव्वीस आयांना माझ्या चिठ्ठ्या मिळाल्या, त्यांचं समाधान झालं. सत्ताविसावी पुढच्या मंगळवारी आलीच नाही. तिची मुलगी सगळ्यांत लहान, दिवस भरायच्या आधी झालेली. संस्थेत तिला पावशेर म्हणतात. पावशेरचा जन्म ही गेल्यानंतरचा, त्यामुळे तिची खरी वजनं कुणी लिहिलीच नव्हती. तिच्या कार्डावर आधीच्या आठवड्याला दोन किलो पाचशे साठ, आणि मी काटा सुधारला त्या दिवशी दोन किलो पाचशे. साठ ग्रॅम घट. घरी सासूबाईंनी निकाल दिला, की आईचं दूध पुरत नाही, तिचं लक्ष नाही, आणि त्या जागी नेल्यापासूनच पोर सुकतंय, तेव्हा आता तिकडे जायचं नाही. अशा बाळाला दर आठवड्याला पाहावंच लागतं, अक्का. आणि त्या आईशी बोलायला त्या दोन खोल्यांखेरीज दुसरं कुणी नव्हतं. मी इतकी वर्षं काटे सुधारले, पण त्यापायी कुणाला बोलणी खावी लागल्याचं कधी पाहिलं नव्हतं. (दुकानदार सोडून.)

गुरुवारी मी आणि बाई रिक्षाने निघालो. काटा आणि वही माझ्या मांडीवर, टोपली बाईंच्या मांडीवर. रिक्षावाल्याने विचारलं, कोणता भाजीबाजार? दार सासूबाईंनीच उघडलं. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"तुम्हीच का ते? माझ्या नातीला एका दिवसात सुकवणारे?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मग मी काटा मांडला आणि नोकरीत बोलायचो तसं, थांबत थांबत, टोपलीपासून बदकापर्यंत सगळं सांगितलं. आयुष्यात इतकं सलग मी तुझ्याशीही बोललो नसेन. सासूबाईंनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आधी खोटा होता म्हणता. मग आता खरा कशावरून?"

बत्तीस वर्षांत मला इतका योग्य प्रश्न कुणी विचारला नव्हता. याचं उत्तर म्हणजे माझी पितळी वजनांची पेटी, आणि ती तुझ्याकडे पाठवलेल्या ट्रंकेत. मी इकडेतिकडे पाहिलं आणि मिठाचं न फोडलेलं, कंपनीचं एक किलोचं पाकीट मागितलं. काट्याने एक किलो दाखवलं, वर प्लॅस्टिकचे चार-पाच ग्रॅम. सासूबाईंची मान किंचित हलली. खात्री व्हावी म्हणून त्यांनी स्वतःच दुकानातून बांधून आणलेली साखरेची एक किलोची पुडी टोपलीत ठेवली. नऊशे चाळीस. त्यांनी पुडी उचलली, उलटी ठेवली. नऊशे चाळीसच.

त्यानंतरचा पाऊण तास त्या दुकानदाराबद्दल होता. सून, नात, संस्था, मी, सगळे त्यातून सुटलो. त्या पायात चपला घालून दुकानात न्यायला काटा उचलायला लागल्या, तेव्हा बाईंनी काटा धरला आणि मी टोपली धरली.

त्या गडबडीत पावशेरची आई मुलीला घेऊन पुढे आली आणि तिने तिला टोपलीत ठेवलं. दोन किलो सहाशे चाळीस. मी कार्डावर लिहून दाखवलं: खरं वजन आधी दोन तीनशे ऐंशी, मग दोन पाचशे, आज दोन सहाशे चाळीस. "हिचं वजन एकदाही कमी झालेलं नाही," मी म्हटलं.

"एकदाही नाही?" ती म्हणाली. दोन तासांत तिचा हा पहिला शब्द.

"एकदाही नाही. मी लेखी देतो."

आणि दिलं. वहीचं पान फाडून प्रमाणपत्र लिहिलं, खाली सही केली. सासूबाई चपलांसकट जवळ आल्या, त्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "शिक्का कुठाय? शिक्क्याशिवाय कागदाला काय किंमत?" शिक्का निवृत्तीच्या दिवशीच सरकारजमा झाला होता. मी वही चाळली, तर पुठ्ठ्याच्या आत ते बदक. ते सोडवून सहीशेजारी नीट दाबून लावलं. सासूबाईंना ते मान्य झालं. कागद आता त्यांच्या भिंतीवर लावला आहे.

काल मंगळवार होता. पावशेर आली, आई आली, सासूबाईही आल्या, पाच शेजारणी आणि त्यांच्या साखरेच्या पुड्या घेऊन. बाळांची वजनं आधी, पुड्या नंतर, असा नियम मी घालून दिला आहे.

पावशेर तीन किलोची झाली की तिची काळजी मिटेल, असं बाई म्हणतात. या वेगाने आणखी दोन-तीन मंगळवार. तेवढे झाले की मी मोकळा. रागावू नकोस. दाजींना नमस्कार सांग, त्यांचा खोकला ऐकल्याशिवाय त्यांच्यावर विश्वास ठेवू नकोस.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. ट्रंकेत तळाशी, गरम कपड्यांखाली, पितळी वजनांची लाकडी पेटी आहे. ती येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाबरोबर तेवढी पाठवावी. मिठाच्या पाकिटावर किती दिवस काढणार?

आणखी एक. ट्रंकेची किल्ली माझ्याकडे आहे, हे आत्ता लक्षात आलं. कुलूप तोडण्यापेक्षा ट्रंकच परत पाठवलेली बरी. गरम कपडेही लागतीलच. मागच्या खोलीचा रंग वाया जाणार नाही, मी राहायला येत जाईन. मंगळवार सोडून.

आणि शेवटचं. पाकिटाला डिंक हवा म्हणून हिचा शिवणाचा डबा उघडला, तर आत बदकांच्या चित्रांचं पान सापडलं. बारांपैकी एक काढलेलं आहे. म्हणजे ते शून्यावर हिनेच चिकटवलं होतं, मी चुकून जिना चढलोच तर दिसू नये म्हणून. पान मी वहीत ठेवलं आहे. शिक्क्यांची आता चिंता नाही. अकरा शिल्लक आहेत.