करकोच्याचं पाऊल

कुसगाव,
मंगळवार, ता. ५ ऑगस्ट २०२५

ती. सविताताईस,

राजूचा नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. दाजींचा गुडघा कसा आहे? आमच्या सारिकाने पाठवलेलं तेल लावताय की बाटली फळीवर शोभेला ठेवलीय? दाजींना म्हणावं, तेल गुडघ्याला लावायचं असतं, नुसतं बघून उतार पडत नाही.

तू म्हणशील, आमचं कान्हे काय काशीला आहे का, गाडी काढली की पाऊण तासात दारात, आणि हा पठ्ठ्या पत्र लिहीत बसलाय. पण मी घरात नाही. पुलाच्या कामावर, क्रेनच्या केबिनमध्ये बसलोय, चाळीस मजल्यांएवढ्या उंचीवर. सकाळी सातला शिडी चढलो, आठला ढग आला आणि पायाखालचं सगळं पुसून गेला. पूल नाही, दरी नाही, माणसं नाहीत. काम बंद आहे, पण धुकं कधी उघडेल त्याचा नेम नाही म्हणून खाली उतरायचं नाही. मोबाईल वर आणू देत नाहीत. वॉकीटॉकी, भाकरी, पाण्याची बाटली आणि रोजच्या तपासणीचे कागद, एवढाच संसार. त्या कागदांच्या कोऱ्या बाजूवर लिहितोय. मागचे छापील रकाने वाचत बसू नकोस.

असं बसलं की जागा आहे की झोपेत आहे ते कळत नाही. केबिन जराशी डुलते. पांढऱ्यात पांढरं हलत राहतं. कधी वाटतं, बरोबर खाली आपलं खाचर आहे, चिखलात औत चाललंय, आणि मी हाक मारली तर आबा वर बघतील. काल तर त्यांचा खोकला ऐकू आला. वॉकीटॉकीची खरखर होती. तरी मी दोन मिनिटं आवाज कमी केला नाही.

तुझी कोमल गेल्या महिन्यात एका रविवारी घरी आली होती ना, ती कॉलेजच्या कामासाठी. इंग्रजीचा एक शब्द घ्यायचा आणि तो कुठून आला, कुठे कुठे गेला ते लिहायचं. पोरीने मामाचा शब्द घेतला, क्रेन. मला उगीच छाती फुगल्यासारखं झालं. मग ती म्हणाली, "मामा, तू ज्याच्यात बसतोस ना, तो मुळात पक्षी आहे." मी म्हणालो, पंधरा वर्षं बसतोय, अजून एक अंडं दिलं नाही.

पण ती सांगत गेली आणि मी चहा गार करून ऐकत बसलो. इंग्रजांकडे क्रेन नावाचा उंच, लांब मानेचा पक्षी. त्याच्या ओरडण्यावरून त्याला ते नाव पडलं म्हणतात. पुढे माणसाने ओझं उचलायचं लाकडी यंत्र केलं, त्याची मान तशीच लांब, म्हणून तेही क्रेन. त्याच्याही आधी ग्रीक लोकांनी पक्ष्याचं नाव यंत्राला दिलेलं होतं. मग माणूस गर्दीत मान लांब करून बघायला लागला, त्यालाही इंग्रजीत तोच शब्द. आता आमच्या साईटवर पाचशे माणसं दिवसभर क्रेन क्रेन करतात, पक्षी एकाच्याही मनात येत नाही. शब्दकोशात त्याला क्रौंच म्हटलंय म्हणे. आपण गावात लांब तंगड्यांच्या सगळ्यांनाच करकोचा म्हणतो, म्हणून मीही करकोचाच म्हणणार.

शेवटी तिने पेडिग्रीचं सांगितलं. मला तो शब्द लोणावळ्याच्या बंगल्यांमुळे ठाऊक. कुत्रं कितीही बावळट असो, मालक म्हणतो, पेडिग्रीचं आहे. कोमल म्हणाली, तोही मूळचा याच पक्ष्याचा. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ करकोच्याचं पाऊल. घराण्याची वंशावळ काढताना बापाच्या नावाखाली मुलांच्या रेघा काढायचे, ती खूण चिखलातल्या त्या पावलासारखी दिसायची, म्हणून.

आणि लगेच विचारलं, "मामा, आपल्या घराची वंशावळ आहे का? आबा गेल्यावर केली असेल ना? फोटो लावते प्रोजेक्टला. आईच्या नावाखाली पेन्सिलने माझंही नाव लिहीन."

मी सांगितलं, पेटीत कुठेतरी आहे, शोधून देतो. ती पेटीत नव्हती. कपाटात होती, माझ्या हाताला लागेल अशी.

ताई, तुला ते पाऊल आठवतं? तू दहाची असशील, मी सहाचा, सोपान आईच्या कडेवर. लावणी चाललेली. बांधाच्या कडेला चिखलात ताजं पाऊल उमटलं होतं, पुढे तीन बोटं. तू उकिडवी बसून वाटणी केलीस. "ह्ये लांब बोट माजं, मी थोरली. ह्ये राजूचं. ह्ये सोपानचं." मला लांब हवं होतं म्हणून मी भोकाड पसरलं. आबा औत थांबवून आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "भांडू नगा. त्याला तिनी लागत्यात उभं ऱ्हायला." मग पाणी आलं आणि ते भरून गेलं. इथं वर बसून मी ते पाऊल पुन्हा पुन्हा बघतोय. ढगात दिसतं.

मी काय टाळतोय ते तुझ्या ध्यानात येत असेल. तू लहानपणीही माझं तोंड बघून ओळखायचीस.

गेल्या मंगळवारी पंचमीला तू माहेरी आलीस. जेवण झाल्यावर पिशवीतून ती प्लॅस्टिकची थैली काढलीस. आधारची झेरॉक्स, दोन फोटो. म्हणालीस, "राजू, हक्कसोडीची सही कवा करायची रं? दोन वर्सं झाली, समदं तयार ठिवलंय. आबांच्या खाली माजं नाव यकदा डोळ्यांनी बघते, मंग दिते तुमच्या नावावर करून." मी म्हणालो, फाईल अजून वरच्या ऑफिसातच आहे. आणि तुझ्या पानात आणखी एक पुरणाचं दिंड वाढलं.

फाईल वर नव्हती. आबा गेले त्याच्या दुसऱ्याच महिन्यात सगळं झालं होतं. वडगावला कागद करून देणारा एकजण म्हणाला, बहिणीचं नाव घातलं की तिची सही आली, खेपा आल्या. न घालताच होतंय तर कशाला, सगळं गाव असंच करतं. त्याने लिहिलं. वर कै. रखमाजी, खाली दोन रेघा. एकीखाली मी, एकीखाली सोपान. त्याखाली ओळ होती, वरील दोघांव्यतिरिक्त मयतास अन्य कोणीही वारस नाही. ती ओळ मी तलाठी भाऊसाहेबांसमोर मोठ्याने वाचली आणि सही केली. घसासुद्धा खाकरला नाही.

तुझी सही लागलीच नाही, ताई. कागदावर तू नव्हतीसच.

मागितली असती तर तू हसत दिली असतीस, हे मला तेव्हाही माहीत होतं. म्हणून जास्त लाज वाटते. आम्ही तुझी जमीन चोरली असं लोक म्हणतील तर म्हणोत. तू जे आपण होऊन देणार होतीस, ते द्यायची संधीच मी तुला ठेवली नाही.

आमच्या कामात आंधळी उचल असते. ओझं दिसत नाही, खालून सिग्नलवाला वॉकीटॉकीवर सांगतो, जरा डावीकडे, जरा खाली, बस. आपण त्याच्या शब्दावर चालवायचं. बरेच दिवस मी मनाला समजावत होतो की ती सही तशीच होती, सांगितलं तसं केलं. पण पहिल्याच दिवशी आम्हाला शिकवतात, शंका आली की थांबायचं, साहेबाने सांगितलं तरी. तो हक्क ऑपरेटरचा. पंधरा वर्षांत मी तीनदा उचल थांबवलीय. त्या दिवशी नाही थांबवली.

शुक्रवारी रजा टाकून वडगावला गेलो आणि अर्ज दिला. आधीची वंशावळ खोटी आहे, ती मी दिली, थोरल्या मुलीचं नाव सविता. नवी वंशावळ माझ्या हाताने काढली. खोटं लिहून दिल्याचं तुमच्यावर येऊ शकतं, असं भाऊसाहेबांनी बजावलं. म्हटलं, येऊ द्या. सोपानने बोलणं टाकलंय. त्याच्यावर राग धरू नकोस, पहिली सही माझी होती, तो माझ्या मागून आला. थोरल्याच्या मागे धाकट्याने जायचं, हे तूच शिकवलंयस आम्हाला.

आता तुझ्या नावाने नोटीस येईल. ती यायच्या आत हे तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हा खटाटोप.

बुधवार, ता. ६

काल संध्याकाळपर्यंत ढग हलला नाही. आज सकाळी मात्र वरून ऊन आणि खाली धुकं. धुक्याच्या पाठीवर क्रेनची सावली पडली होती, लांबच लांब मान, आणि त्या मानेपाशी माझी केबिन एवढीशी. सावली हळूहळू सरकत होती, आता वळून कान्ह्याकडे उडेल अशी. पंधरा वर्षांत पहिल्यांदा मला तो पक्षी दिसला.

पत्र संध्याकाळी कोमलच्या हाती देतोय. तिला रात्री फोनवर सांगितलंय, आईला दे आणि तिथे थांबू नकोस. तिला काही सांगितलेलं नाही. सांगायचं की नाही ते तू ठरव. सोबत नव्या वंशावळीची झेरॉक्स आहे. मधली रेघ तुझी, मी ती लांब काढलीय. भाऊसाहेब म्हणाले, सारख्या काढा की. मी ऐकलं नाही. तिच्याखाली पेन्सिलीपुरती जागा सोडलीय.

ती थैली आता बाजूला ठेव. हक्कसोड मी मागणार नाही. वाट्याचं काय करायचं ते तुझं तू बघ.

शनिवारी राखी. ये म्हणायला मला तोंड नाही. सकाळी दहाला मीच कान्ह्याला येऊन ओट्याशी उभा राहीन. दार उघडलंस तर आत येईन. नाही उघडलंस तर दाजींसाठी तेलाची दुसरी बाटली ओट्यावर ठेवून परत फिरेन, आणि पुढच्या वर्षी पंचमीला पुन्हा येईन.

वॉकीटॉकीवर हाक आली. खाली सगळं दिसायला लागलंय.

तुझ्या शेजारचं आखूड बोट,
राजू