नाकातली बुरशी आणि बारीक औषध

सौंदड, १२ डिसेंबर २०१३

चि. धनेंद्र यास बिसनलालचे आशीर्वाद.

दरेकशाच्या रेल्वे स्टेशनात ड्युटीवर थंडी लागत असेल, कान बांधत जा. तुझी ताई माझ्यावर पहिल्यासारखी ओरडते आहे, त्यावरून मी बरा झालो असावा.

नेमकं काय झालं ते तू विचारलंस आणि फोन तुझ्या ताईने हिसकावला, म्हणून लिहितो. सुरुवात दाढेने झाली. डॉक्टरने ती उपटली, तरी ठणका राहिला म्हणून शेजारचीही उपटली (ती बिचारी निर्दोष होती). मग गाल सुजला, टाळू काळा पडला, आणि मला नागपूरला नेलं. तिथली डॉक्टरीण म्हणाली, शुगर फार वाढली आहे, नाकात बुरशी शिरली आहे. मी विचारलं, "लोणच्यावर येते ती?" म्हणाली, तिची बहीण समजा. हे ऐकून तुझी ताई भर वॉर्डात रडायला लागली, की माझ्या बरण्या किती स्वच्छ असतात, आता लोक काय म्हणतील! (डावा डोळा काढावा लागेल हे नंतर सांगितलं. तेव्हा ती रडली नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटली.)

मग औषध. साधं औषध शिरेत गेलं की माणूस पलंगासकट थरथरतो, आणि किडनी हात वर करते. माझी तिसऱ्याच दिवशी रुसली. दुसरं औषध तेच, पण चरबीच्या कणांत भरलेलं. कण इतके बारीक, की केसाच्या जाडीत शेकडो मावतील. ते किडनीला फारसं न छेडता बुरशीपर्यंत पोचतं म्हणे. (आपल्या गावात अशी रीतभात असलेला एक माणूस दाखव.) पण ते मोजकंच आलं होतं, आणि किडनी माझी आधी बिघडली, म्हणून मला मिळालं.

शेजारच्या खाटेवर तुमच्या दरेकशाचा उदाराम होता, जंगलात मजुरी करणारा. त्यालाही हाच आजार. त्याचं साधं औषध चालू होतं. थंडी भरली की माझ्या बाटलीकडे बघून हसायचा, "तुमचं औषध शांत हाय जी, माह्यं नाचवून राह्यलं." पुढे त्याचीही किडनी गेली. बारीक औषधाची दुसरी खेप आली, तेव्हा त्याची खाट पुसून झाली होती.

असो. भात घरात आला आहे. शुगर आवरली आहे. काळा चष्मा घेतला. गावातली पोरं सलाम करतात.

तुझा,
बिसनलाल

ता. क. खरं काम हे. उदारामची बायको मंदाबाई (मजुरी सोडून तिला नागपूरला राहता आलं नव्हतं) तुझ्या स्टेशनावर येत असते. तिने विचारलं तर सांग, दोघांनाही एकच औषध होतं. तुझ्या तोंडून तिला खरं वाटेल.

ता. क. २. आता काही सांगू नकोस. पाकीट चिकटवायच्या आधीच मंदाबाई आज दुपारी घरी आली. मी तिला तेच सांगायला लागलो, तर तुझी ताई मध्येच म्हणाली, "खोटं काऊन बोलता?" आणि सगळं खरं सांगून टाकलं.  मंदाबाईने मला विचारलं, "लय थरथरत होते का जी?" मी हो म्हणालो. म्हणाली, "मंग पांघरून कोन टाकत होतं?" तुझी ताई टाकायची. मंदाबाईने तिचा हात धरला, तो अजून सोडलेला नाही. चूल पेटलेली नाही, आणि दोघींना उठवायची माझी हिंमत नाही.