ॲनोडची बाजू

३ सप्टेंबर, सायं. ६.२०
नातीचा फोन. स्वतःहून! (चार महिन्यांनी. पण मुलं बिझी असतात.) बारावीचा प्रोजेक्ट, गॅल्व्हॅनिक सेल. विचारत होती, ॲनोड धन की ऋण? हसू आलं. तेहतीस वर्षं प्लेटिंगच्या कारखान्यात काढली. ॲनोडला धन तार मीच जोडायचो. म्हटलं, धन, डोळे झाकून लिही. ती म्हणाली, पण आजोबा, पुस्तकात... पुस्तकं कोण लिहितं? ज्यांनी टाकीत कधी हात घातला नाही ते.
संकल्प : घरी सेल बनवून रविवारी तिला व्हिडिओ कॉलवर दाखवणे. आता रोज शंका विचारेल. दुपारची झोप बंद.

४ सप्टेंबर
जुन्या बॅटरीचं कवच कापून जस्ताची पट्टी काढली. दुसरी तांब्याची. एका पेल्यात मोरचूद, दुसऱ्यात मिठाचं पाणी. मीटर शून्य. मोरचूद भेसळीचं.

दुपारी ४
दोन पेल्यांत मिळून एक ओली वात सोडावी लागते. विसरलो नव्हतो. न सोडता काय होतं ते पाहत होतो. नंतर झोपलो.

५ सप्टेंबर
मीटरची लाल, म्हणजे धन तार ॲनोडला, म्हणजे जस्ताला. मीटर म्हणतो, उणे एक. मीटर बिघडलाय.

६ सप्टेंबर
नवा मीटर. उणे एक. दुकानदाराकडे घेऊन गेलो. म्हणाला, काका, मीटर ठणठणीत आहे, तुमच्या तारा उलट्या आहेत. अर्धा तास त्याला समजावलं. त्याने चहा पाजला. आज कोणाशी बोललो ते एवढंच.

७ सप्टेंबर, रविवार, सकाळी ९
जस्त झिजलंय, तांब्यावर थर चढलाय. म्हणजे ॲनोड जस्तच. तिथे मी बरोबर. पण प्लेटिंगमध्ये वीज आपण बाहेरून ढकलतो, म्हणून तिथे ॲनोड धन. इथे जस्त आपणहून विरघळतं, इलेक्ट्रॉन मागे ठेवून जातं. म्हणून ते ऋण.
पुस्तक बरोबर होतं. माझ्यामुळे पोरीचे मार्क जाणार. इस्त्रीचा शर्ट घातला. फोन करतो.

११.१५
सूनबाईने उचलला. मी एका दमात सगळं कबूल केलं. ती म्हणाली, "बाबा, तिने ऋणच लिहिलंय. बाईंना आधीच विचारलं होतं. प्रोजेक्ट परवाच दिला."
मग मला कशाला विचारलं?
ती म्हणाली, "मीच म्हटलं होतं, आजोबांना काहीतरी विचार. बरं वाटेल त्यांना."
म्हटलं, छान केलंत. आता पुढे काय शिकतेय?
सेंद्रिय रसायन, म्हणाली.
म्हटलं, अरे वा, त्यात तर माझा हातखंडा! अडलं तर लगेच फोन करायला सांग.
सेंद्रिय रसायनातलं मला ओ की ठो कळत नाही.