विमानाच्या प्लगचा डाग

संयोगिता,

मी येईपर्यंत तुझ्या रिमोटच्या विमानाला बॅटरी लावू नकोस. बॅटरीचा प्लग मी बिघडवलाय.

काल तू म्हणालीस, "पप्पा, वेल्डिंगनं तुमचं डोळं गेल्यात, प्लगला वायर जोडायचं काम माझ्यावर सोडा." तीस वर्षं कागलच्या एमआयडीसीत वेल्डिंग केलेल्या माणसाला असं ऐकवतीस व्हय? राग आला, म्हणून सकाळी तू झोपलेली असतानाच सोल्डरिंगला बसलो.

चारदा डाग दिला. वरून चकचकीत दिसतोय, पण ओढला की वायर हातात येती. एवढी जाड वायर सगळी धग खाऊन टाकती, आपली बारकी सोल्डरिंग गन तिला पुरत न्हाय. हट्टानं तशीच दाबून धरली, तर प्लगचं प्लास्टिक वितळलं आणि पीन तिरकी झाली. डाग कुठं पडतोय, तेच मला दिसत न्हवतं.

शाहूपुरीतनं मोठी गन आणि नवा प्लग घेऊन येतो. स्पर्धा दुपारी हाय, होईल वेळेत. आईवर चिडू नकोस, तिला म्हायतीबी न्हाय.

आल्यावर डाग तूच दे, मी पक्कडीनं वायर धरतो.

आणि सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडं माझ्यासंगं चल. एकट्याला भ्या वाटतंय.

पप्पा