न वाकता चौकटीखालून गेलेला पोरगा

सावली,
धान कापणीचा रविवार

आदरणीय सुनिलभाऊंना नवाब वेल्डरचा सलाम आणि नमस्कार, दोन्ही.

आमच्या मैदानावरचे गोलपोस्ट मी बनवले (बोअरच्या जुन्या पाइपाचे, पण ओळंबा लावून पाहा, सूतभर चूक निघणार नाही). त्यांची जाळी मी विणली, वैनगंगेवरच्या मासेमारांच्या गाठीने. चुना आखायची गाडी माझी, राखीव पोरांचा बाक माझा, आणि तुम्ही सांगितलेली निवडीची लोखंडी चौकटही माझीच, आडवा दांडा बरोबर चार फूट सात इंचांवर. हे हात कोणत्याही आयटीआयमध्ये गेले नाहीत. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं कोण लिहून राह्यला हे ध्यानात राहील.

तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींची तब्येत? चंद्रपूरची धूळ खाऊन खोकला वाढला असेल तर चार दिवस इकडे या. आमचं ठीक आहे. माझी साखर तेवढी मागच्या साली मार्चमध्ये वाढली होती, आणि गोष्ट तिथूनच सुरू होते. डॉक्टर म्हणाले, "नवाबभाऊ, जानेवारीपासून काय खाऊन राह्यले?" मी म्हटलं, केक. तुमच्या मागच्या फुटबॉल शिबिरातली वीस पोरं इथेच सराव करायची, आणि ज्याचा वाढदिवस त्याची आई डबा घेऊन मैदानावर. मार्च संपेपर्यंत बारा वेळा खाल्लं. (नाही म्हणणं वाईट दिसते.) एप्रिलपासून मी तोंड वासून बसलो, तर पावसाळाभर एखादा पेढा. दिवाळीनंतर एकही नाही. मला वाटलं, आया रागावल्या. मग कळलं, वर्षाच्या शेवटी जन्मलेलं पोट्टं शिबिरात नव्हतंच! वयाचं वर्ष एक जानेवारीला सुरू होते. जानेवारीतला पोरगा आणि डिसेंबरातला पोरगा कागदावर एकाच वयाचे, पण एक जण सालभर जास्त जेवलेला. आणि आपण त्या जेवणाला खेळ समजून राह्यलो.

यंदा माझा अनस निवडला गेला, त्याबद्दल मेहेरबानी. तो चार जानेवारीचा, चौकटीत कपाळ आपटलं, म्हणजे पास. चंदन तुम्हाला आठवणार नाही. मुखरूचा पोरगा, भामरागडकडचा, इथे वसतिगृहात राहते. जन्म एकोणतीस डिसेंबर, साल अनसचंच. तो दांड्याखालून न वाकता गेला, केसही लागला नाही, आणि बाहेर झाला. तीन दिवस उशिरा जन्मता तर पुढच्या सालच्या पोरांत सगळ्यांत मोठा ठरता.

अनस नुसता महिन्यांच्या जोरावर पास झाला, हे बाप म्हणून मला पटत नव्हतं. म्हणून मागच्या रविवारी मी निवडलेल्या पोरांची मॅच नववीच्या पोरांशी लावली. निवडलेल्यांत एक पोरगा कमी पडला म्हणून त्यांच्यात चंदनला घेतलं. नववीचा गोलकीपर धान कापायला गेलेला, म्हणून तिथे मी स्वतः. भाऊ, आमचा अनस खांदा मारून रस्ता काढणारा. त्या दिवशी खांदा मारला की तोच चार हात दूर. चंदनला मात्र काही फरकच पडला नाही. त्याच्यासाठी सारी दुनिया आधीपासूनच मोठी! बॉल यायच्या आधी तो मान वळवून पाहून घेते, बॉल तळव्याखाली दाबते, मोठा पोरगा अंगावर आला की जागच्या जागी फिरते, आणि तो मोठा पुढे जाऊन थांबायला झाड शोधते. मी वीस वर्षं लोखंड वाकवून राह्यलो, इतकं सफाईचं वळण मला एकदाही जमलं नाही.

तिघांना असं फिरवून तो माझ्यासमोर आला आणि बॉल माझ्या दोन पायांमधून काढला. मी मागे झेपावलो तो थेट जाळीत. बटणं अडकली, बोटं अडकली, जितका सोडवू तितका गुंतलो. गाठ एकही सुटली नाही, हे नमूद करतो. बाहेरून निशात (अनसची अम्मी) ओरडली, "तुमच्याच हातचं जाळं आहे न, भोगा आता!" शेवटी चंदनच आला. "काका, हालू नोका, आनखी गुतान," म्हणाला, आणि एकेक फास उलटा सोडवला. बाप नदीवर मासे धरते, त्याला ठाऊक. घामाने थबथबलेला, पण दम लागलेला नाही.

घरी अनस गुडघ्याला बर्फ लावून बसला होता. म्हणाला, "अब्बा, चंदनले घ्याले पायजे होतं." मी म्हटलं, झोप. झोपलो दोघंही नाही.

बाकी सर्व खुशाल. माझं काही मागणं नाही.

तुमचा,
नवाब

ता. क. एक जागा वाढवता आली तर बरं. नाही वाढली, तर अनसचं नाव काढून चंदनचं घाला. अनसला विचारूनच लिहितो आहे. तो आणखी सहा महिने नववीच्या पोरांकडून धक्के खाईल, त्यात त्याचं भलंच आहे.

ता. क. दुसरा. निशातला हे माहीत नाही. तिने गल्लीभर पेढे वाटले आहेत. फोन करू नका, पत्रानेच कळवा, आणि पत्र दुकानाच्या पत्त्यावर.

ता. क. तिसरा. बाकीच्या तालुक्यांसाठी तुम्ही आणखी आठ चौकटी सांगितल्या होत्या. इथली पहिली मी कापली, त्यातून राखीव पोरांचा बाक लांब झाला. त्या आठ बनवणार नाही. ऑर्डर परत करतो: नगाला चार हजार, एकूण बत्तीस हजार रुपयांचं काम.